हेडहंटरचा फोन आलता म्हणून सांगायचं

सांगलीत विश्रामबागला टपरीवर कटिंग हातात आली की सहज, आवाज न चढवता म्हणायचं, "काल एका हेडहंटरचा फोन आलता." बास. (हेडहंटर म्हणजे कंपनीसाठी दुसरीकडं कामाला असलेली माणसं हेरणारा.) कंपनी कुठली, पगार किती, कोण काय विचारंल त्याला नुसतं "बघू" म्हणायचं. गुळाचा चहा पिताना एवढा भाव दुसऱ्या कुठल्या शब्दानं मिळत नाही.

घरात मात्र जपून. आमच्या आईला मी अर्थ सांगितला, डोकी शोधणारा, तर ती म्हणाली तुझ्यात काय सापडणार त्याला. तसा मूळ अर्थ मुंडकी उडवणाराच आहे, नागालँडच्या मोन जिल्ह्यातले कोन्याक लोक पूर्वी शत्रूचं शिर आणायचे आणि शिर आणणाऱ्याच्या तोंडावर मानानं गोंदायचे. आताचे शिर धडासकट नेतात आणि गोंदायच्या जागी लिंक्डइनवर 'थ्रिल्ड टू अनाउन्स' येतं, एवढाच काय तो फरक.

व्याकरण नीट लक्षात ठेवा. हा शब्द नेहमी "मला हेडहंट केलं" असाच वापरायचा, म्हणजे आपण गरीब बिचारे कुपवाडला मशीनपाशी उभे होतो आणि त्यांनी उचललं. रात्री दोन वाजेपर्यंत नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकत बसलेलो हे कशाला सांगायचं. आणि ज्यानं फोन केला त्याला तोंडावर हेडहंटर म्हणू नका, त्याच्या कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह सर्च' असतं. एजंटाला कोण दलाल म्हणतं का?

ज्यांना अजून कळलं नसंल त्यांनी ऊसतोडीचा मुकादम डोळ्यापुढं आणावा. तोबी माणसं गोळा करतो आणि कमिशन कारखान्याकडनं घेतो. पण मुकादम टोळीला आधी उचल देतो, हा गडी तुम्हाला "प्रोफाइल इंटरेस्टिंग आहे" एवढंच देतो. मोठ्या साहेबाची जागा भरली की पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण तिसरा हिस्सा फी म्हणून कंपनीकडनं वसूल, तीबी बऱ्याचदा तीन हप्त्यांत. (उमेदवाराकडंच रजिस्ट्रेशनचे पाच हजार मागणारा हेडहंटर नसतो, त्याला आपल्यात वेगळा शब्द आहे.)

आता फोन कसा घ्यायचा. नंबर पुण्याचा दिसला, पलीकडनं हळू आवाजात "आत्ता बोलू शकता का?" आलं, की कंप्रेसरच्या मागं जायचं, तिथं आवाजानं काय ऐकू येत नाही पण कुणाला दिसत नाही. मी तसाच गेलो, एक कान दाबून. बाईंनी अनुभव विचारला, टीम किती माणसांची विचारलं, मी वीस सांगितली, आहेत सहा, मग म्हणाल्या, "तुम्ही रिपोर्ट कुणाला करता?" साहेबांचं नाव सांगितलं. "त्यांचा नंबर मिळेल?"

दिला की. मोठ्या मनानं.

साहेब दोन महिन्यांत पुण्याला गेले. जाताना मिरजेत पार्टी दिली, मटणाचं ताट पुढ्यात घेऊन सगळ्यांना सांगत होते, "मी काय शोधत नव्हतो रे, मला हेडहंट केलं."