‘साथ संपेपर्यंत बाळाला कुठलीच लस नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“ताई, गोवराची लस आम्ही कोरोनाची साथ संपल्यावर देऊ,” धाकट्या बहिणीने परवा फोनवर सांगितलं. बाळ साडेदहा महिन्यांचं आहे. असं का, म्हणून विचारलं तर तिने एक मेसेज पुढे पाठवला. हाच मेसेज मला आधी चौघांकडून आला होता आणि चारही वेळा मी तो उत्तर न देता पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं असं: कोरोनाच्या काळात लहान मुलांना कोरोनाचीच काय, कुठलीच लस देऊ नका. बाळाची प्रतिकारशक्ती एका वेळी एकच लढाई लढते. जागतिक आरोग्य संघटनेनेच 2020 मध्ये लसीकरण थांबवायला सांगितलं होतं. गोवर अंगावर निघून गेला की मूल दणकट होतं. आणि कोरोनाची लस मुलांवर तपासलेलीच नाही, ती डीएनए बदलते.

“एका वेळी एकच लढाई” हे कुणी ठरवलं? जन्मल्यापासून बाळ श्वासातून, दुधातून, आपल्या हातांतून असंख्य जंतू झेलत असतं आणि रांगायला लागल्यावर तर दिसेल ते तोंडात घालतं. लशीतली प्रथिनं ओळखूनच शरीर लढायला शिकतं, आणि पूर्वी देवीच्या एकट्या लशीत अशी सुमारे 200 प्रथिनं असायची. 2000 साली अमेरिकेत मुलांना नेमाने दिल्या जाणाऱ्या 11 लशींमधली सगळी मिळूनही सव्वाशेच्या आसपास भरत होती. आजच्या लशींचा भार त्या एका लशीपेक्षा कमीच आहे.

आरोग्य संघटनेचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. 26 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संघटनेने गर्दी जमवून राबवल्या जाणाऱ्या सामूहिक मोहिमा तात्पुरत्या थांबवायला सांगितल्या होत्या, हे खरं. पण त्याच सूचनांमध्ये बाळांचं नेहमीचं लसीकरण शक्य तिथे चालू ठेवा, असंही म्हटलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धं वाक्य उचललं आणि उरलेलं सोडलं.

बहिणीची खरी भीती वेगळी होती. दवाखान्यात बाळाला नेलं आणि तिथून कोरोना घरी आला तर? ही भीती वेडगळ नाही, आणि ती मोजूनही झाली आहे. आफ्रिकेतल्या देशांसाठी केलेला एक अभ्यास 2020 मध्येच ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लसीकरणासाठी बाहेर पडल्यामुळे कोरोनाने होऊ शकणारा एक जादा मृत्यू एका बाजूला, आणि लसीकरण चालू ठेवल्यामुळे टळणारे मुलांचे 84 मृत्यू दुसऱ्या बाजूला, असं त्याचं उत्तर होतं. आकडा अंदाजाचा आहे, संशोधकांनी खालची मर्यादा 14 आणि वरची 267 दिली आहे. अगदी 14 धरा. तरी पारडं कुठे झुकतं ते दिसतंच.

आता गोवर. या मुद्द्यावर माझा संयम सुटतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे. गोवर मुलाला दणकट करत नाही, आधी कमावलेली ताकद पुसून टाकतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवर होण्याआधी आणि नंतर तपासलं गेलं. 2019 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की इतर आजारांविरुद्ध त्यांच्या शरीरात असलेल्या अँटिबॉडींपैकी 11 ते 73 टक्के नाहीशा झाल्या होत्या. पुरळ गेलं, ताप उतरला, मूल हसायला लागलं, आणि त्याच वेळी ते इतर जंतूंपुढे पुन्हा उघडं पडलं. याखेरीज न्यूमोनिया, मेंदूचा दाह. क्वचित, पण लहानपणीच गोवर झालेल्यांमध्ये जास्त, असा मेंदूचा एक जीवघेणा आजार काही वर्षांनी डोकं वर काढतो.

शिवाय आईकडून मिळालेलं संरक्षण पहिल्या वर्षातच ओसरत जातं. म्हणून तर पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास ठेवलेला असतो. “साथ संपल्यावर” म्हणजे नेमकं याच उघड्या दिवसांत बाळाला वाऱ्यावर सोडणं. गोवराच्या रुग्णाच्या जवळ आलेल्या, संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो, आणि रुग्ण निघून गेल्यावरही खोलीतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या आकडेवारीनुसार 2021 मध्ये जगभरात जवळपास अडीच कोटी बाळांचा गोवराचा पहिला डोस चुकला. बरीच बाळं लस पोहोचलीच नाही म्हणून राहिली. लस दाराशी असताना आपण त्यांत भर का घालायची?

राहिली कोरोनाची लस. बहुतेक लहान मुलांना कोरोना सौम्य होतो, हे मान्य. स्वीडनने जानेवारी 2022 मध्ये 5 ते 11 वयाच्या सरसकट सगळ्या मुलांना ती देण्याची शिफारस केली नाही, हेही मान्य. निरोगी लहान मुलाला ती द्यावी का, यावर आई-वडिलांनी डॉक्टरांशी बोलावं, शंका विचाराव्यात. पण त्याच स्वीडनने गोवराची लस थांबवली नाही, हे मेसेजमध्ये का नाही?

“तपासलेलीच नाही” हे तर सरळ खोटं. फायझरच्या लशीची मात्रा वयानुसार वेगवेगळी तपासली गेली: मोठ्यांसाठी 30 मायक्रोग्रॅम, 5 ते 11 वयासाठी 10 आणि पाच वर्षांखालच्यांसाठी 3. दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दोन डोसांनी पुरेसा प्रतिसाद आला नाही, हे डिसेंबर 2021 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं. मग तिसरा डोस जोडून पुन्हा तपासलं आणि अमेरिकेत जून 2022 मध्ये परवानगी मिळाली. डीएनएचं म्हणाल, तर तो पेशीच्या केंद्रकात असतो, आणि या लशीतला एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, तिथे जातच नाही आणि थोड्या दिवसांत विरघळून जातो.

बहिणीने शेवटी विचारलं, “उशीर झाला का गं?” नाही झाला. चुकलेला डोस नंतर देता येतो, इतर लशींचे आधीचे डोस पुन्हा घ्यावे लागत नाहीत, आणि साधी सर्दी हे थांबायचं कारण नाही. लशीचं कार्ड तिने कपाटातून काढून ठेवलंय. उद्या सकाळी आम्ही दोघी बाळाला घेऊन जातोय.