‘दर्शनाला जायचं की धरणं धरायला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पंचवटीकर, नमस्कार.

नाशिकच्या काळाराम मंदिरावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. टोपणनावाने लिहिलंत, पण पंचवटीतल्या सरदार चौकाच्या आसपास हयात गेलेला माणूस आहे हे दुसऱ्या ओळीतच कळलं. अशा माणसाला ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ म्हणून वाटेला लावणं बरं नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी सांगतो. मी काळारामाला ‘अठराव्या शतकातलं देऊळ’ म्हटलं. साक्षात प्रभू रामचंद्र राहिले त्या जागेचं वय असं अडीचशे वर्षांवर आणून ठेवणं तुम्हाला अपमान वाटला. मूर्तीला दोन ओळी आणि १९३० च्या सत्याग्रहाला पाच परिच्छेद, हा दुसरा आक्षेप. ‘देवळात दर्शनाला जायचं की धरणं धरायला?’ असं तुम्ही विचारलंत. (वाक्य झकास आहे, म्हणून शीर्षकात घेतलं.) तिसरा आक्षेप, सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या) दिवशी गोदावरीवरच्या रामकुंडाकडे जाऊ नका असं सांगणारा मी कोण.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो लगेच मिटेल. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी, सरदार चौक. चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्या उताराची रुंदी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. येत्या सिंहस्थातली मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत आणि घरोघरी आत्तापासून ‘आईला एकदा पर्वणी घडवायची आहे’ हे सुरू झालंय. गुडघे दुखणाऱ्या आईला त्याच दिवशी, त्याच गल्लीतून नेण्यापेक्षा आठ दिवस मागेपुढे न्या, एवढंच मी म्हटलं होतं. सिंहस्थ वर्षभर असतो. सल्ला लेखात तसाच राहील.

आता देवळाचं वय. माझं वाक्य असं होतं: ‘आज उभं असलेलं दगडी देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं.’ यातलं ‘आज उभं असलेलं’ वगळून तुम्ही पुढचं वाचलंत. १७८० ते १७९० च्या सुमाराचं हे काम आहे. दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, २,००० कारागीर १२ वर्षं राबले, २३ लाख रुपये लागले, असं पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आकडे तंतोतंत खरे धरा किंवा थोडे सैल धरा, ते शिखर आणि तो परकोट बघितल्यावर अविश्वास वाटत नाही. ओढेकरांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि काळी मूर्ती गोदावरीत सापडली, ही कथाही तुम्ही लहानपणी ऐकली असेल. मीही ऐकली आहे, आणि लेखात ती कथा म्हणूनच दिली होती.

यात रामाचं वय कमी कुठे झालं? उलट, देऊळ नवं असेल तरच तीर्थ त्याच्या आधीचं असल्याचे पुरावे बोलायला लागतात. समर्थ रामदासांचंच बघा. नाशिकजवळच्या टाकळीला नंदिनी नदीच्या पाण्यात उभं राहून त्यांनी जप केला आणि दर्शनाला ते पंचवटीतल्या रामाकडे येत, ही परंपरा अख्ख्या नाशिकला पाठ आहे. तो काळ साधारण १६२० ते १६३२ चा. म्हणजे ओढेकरांच्या देवळाचा पहिला दगड बसायच्या आधी दीडशे वर्षं समर्थ पंचवटीत रामासमोर उभे राहत होते. ते कोणत्या देवळात? जुनं लाकडी देऊळ होतं असं सांगतात. तुम्ही ‘हे देऊळ रामायणकाळापासूनचं’ असं म्हणालात की समर्थांनी हात जोडले ते लाकडी देऊळ आपोआप पुसलं जातं. मला ते पुसायचं नव्हतं.

त्याहून मागे जायचं असेल तर पंचवटी सोडून पांडवलेण्यांवर चढा. तिथल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा मोठा प्राकृत लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, तेज कुणासारखं होतं हे सांगताना ती नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, राम, अंबरीष अशी जुन्या राजांची ओळ लावते. लेणं दिलंय बौद्ध भिक्खूंना, आणि त्याच्या भिंतीवर रामाचं नाव! पंचवटीचा उल्लेख त्यात नाही, त्यामुळे तो लेख दाखवून ‘बघा, वनवास सिद्ध झाला’ असं कुणी म्हणू नये. पण राम हे नाव या परिसरात दगडावर केव्हापासून कोरलेलं आहे असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते अडीचशे वर्षांच्या कितीतरी पलीकडे जातं.

त्र्यंबकेश्वरला हा वाद होताना मी ऐकलेला नाही. ते देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं हे तिथला कुणीही सांगतो, आणि त्याच गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे, त्याच्या साडेचारशे वर्षं आधीची. दोन्ही गोष्टी शेजारी सुखाने नांदतात. नाशिकमध्येही नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं. मोगलांनी गुलशनाबाद म्हटलेलं हे गाव मराठ्यांच्या हाती आल्यावर पन्नासेक वर्षांत घाट, वाडे आणि देवळं यांची नुसती रांग लागली. काळाराम त्या रांगेत शेवटाकडे येतो, आणि सगळ्यांत उंच कामगिरी तीच, हे माझं मत. आपलं सगळं आदिम काळापासून आहे असं म्हणताना आपण ज्यांनी घडवलं त्या पाथरवटांचं श्रेय बुडवतो, हे मला खरं तर जास्त अपमानास्पद वाटतं.

मूर्तीला दोन ओळी दिल्या, हे खरंच. तुम्हाला माहीत आहे गाभाऱ्यासमोर किती वेळ मिळतो. काळ्या पाषाणातले राम, सीता, लक्ष्मण; रामाचा उजवा हात छातीशी; समोर हात जोडून उभा मारुती, तोही काळा. याच्यापुढे विशेषणं लावायला गेलो की ती भजनी मंडळाच्या पत्रकासारखी व्हायला लागतात, म्हणून थांबलो. जो जाईल तो बघेल. चारी दरवाजांपाशी काय घडलं ते मात्र तिथे जाऊन दिसत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. पाच परिच्छेद त्यासाठी होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

२ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक देवळावर आली. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, असे हे लोक होते. चारही दरवाजे बंद. मिरवणूक वळून घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांवर सत्याग्रही बसले, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. म्हणजे धरणंच, तुम्ही म्हणता तसं. पण ते कशासाठी होतं? आत जाऊन रामाला हात जोडू द्या एवढ्यासाठी. दर्शन आणि धरणं या दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या-माझ्यासाठी आहेत, कारण आपल्याला दरवाजा उघडाच मिळाला. त्या १५० जणांपुढे दर्शनाला जायचा दुसरा कुठलाच रस्ता नव्हता.

मग ९ एप्रिल आला, रामाचा रथ ओढायचा दिवस. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. ऐनवेळी रथ दुसऱ्या बाजूने पळवला गेला, दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही इजा झाली. रथाच्या दोराला हात लागणं म्हणजे काय हे मी पंचवटीच्या माणसाला समजावून सांगायचं का? तुम्हीच प्रतिक्रियेत अभिमानाने लिहिलंय की तुमचे वडील तालमीच्या मंडळींबरोबर रथ ओढत. त्याच दोरासाठी त्या दिवशी डोकी फुटली. हे देवळाच्या बाहेरचं राजकारण, असं म्हणायला मी तयार नाही. कामदा एकादशीचा रथ जितका देवळाचा, तितकीच ही गोष्टही देवळाची.

यावर तुमचा पुढचा मुद्दा असा की ‘त्यांना दर्शन नकोच होतं, खुद्द आंबेडकरांनीच तसं लिहिलंय’. लिहिलंय, बरोबर. ३ मार्च १९३४ चं दादासाहेब गायकवाडांना पाठवलेलं पत्र. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून किंवा मंदिरात गेल्याने समता येईल म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती, लोकांना जागं करायचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून केली, असा त्याचा आशय आहे. पण तारीख बघा. दरवाजांवर बसायला लागून तोपर्यंत चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत दरवाजा एकदा जरी मनापासून उघडला असता, तर पुढचा इतिहास कसा गेला असता हा प्रश्न नाशिककरांनी स्वतःला विचारायचा की त्यांना? १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता.

आणि पत्रावरचं नाव पाहा: दादासाहेब गायकवाड. सत्याग्रह प्रत्यक्ष चालवला तो त्यांनी. माणूस दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. रामशेजही दिंडोरी तालुक्यातच. तिथला दगड येऊन गाभाऱ्याची भिंत झाला, तिथला माणूस दरवाजावर अडवला गेला. १९५७ मध्ये याच नाशिकने त्यांना लोकसभेवर निवडून पाठवलं, हे मात्र मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं. तुमच्या निमित्ताने जोडतोय. सत्याग्रहाचे परिच्छेद आता सहा होतील.

बाहेरगावचा माणूस असले लेख वाचून शंका घेऊन येतो, असं तुम्ही म्हणता. माझा अनुभव वेगळा आहे. शिर्डी, शनिशिंगणापूर, त्र्यंबक, पंचवटी असं सगळं एका दिवसात उरकणारी गाडी मालेगाव स्टँडपाशी थांबते, अर्धा तास मिळतो, सीतागुंफेची रांग मोठी दिसली की तीही रद्द होते. त्या माणसाच्या मनात शंका नसते आणि दुसरंही काही नसतं, परत निघायची घाई तेवढी असते. तो थोडं वाचून आला तर रामकुंडापासून पायी निघतो, कपालेश्वराच्या पायऱ्या चढून इथे नंदी का नाही हे विचारतो, पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला यावर म्हातारे का बोलतात हे त्याला कळतं. आणि काळारामाच्या दरवाजात तो आपोआप जरा सावकाश होतो. त्याचा भाव त्यामुळे कमी झालेला मी तरी पाहिलेला नाही.

लेखातून सत्याग्रहाचा भाग काढा ही तुमची सूचना मला मान्य नाही, तो राहील. समर्थांचा टाकळीचा संदर्भ आणि पांडवलेण्यांतला लेख मी मूळ मजकुरात घालतोय, कारण जागेच्या प्राचीनत्वाबद्दल तुमच्यासारखाच प्रश्न इतरांनाही पडणार.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या वडिलांनी रथ ओढला तो साधारण कोणत्या वर्षांत? १९३० च्या रथाबद्दल घरात कुणी काही बोलायचं का, की विषय टाळायचे? त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांच्या तोंडून हे फारसं कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि ज्यांनी ऐकलंय ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. तुम्ही लिहिलंत, अगदी माझ्या विरोधात लिहिलंत, तरी एक अक्षर न बदलता लेखाच्या वर लावीन.