डिफरन्शियल गळतंय म्हणून मियाटा भंगारात काढू नका

गेले काही आठवडे इथे मिशिगनमधल्या मराठी गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जुन्या स्पोर्ट्स कारचं मागचं डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरांचा डबा) गळायला लागलं की आतले गिअर गेलेच. सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण ते पुन्हा गळतंच. अख्खं डिफरन्शियल बदला. परवडत नसेल तर गळती थांबवणारं औषध ओता, जाड ऑइल भरा आणि गाडी विकून मोकळे व्हा.

मला हा मेसेज चार जणांकडून आला. चौथा पाठवणारा मुलगा नुकताच शिक्षण संपवून डेट्रॉइटजवळ नोकरीला लागलाय. त्याने खाली विचारलं होतं, "काका, गाडी काढून टाकू का?" त्याच्याकडे २००२ ची माझ्दा मियाटा आहे, पहिल्या पगारांतून घेतलेली. एका गॅरेजने त्याला डिफरन्शियल बदलायचे १,४०० डॉलर सांगितले होते. मी स्वतः गेली तेरा वर्षं मिशिगनच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर १९९६ ची मियाटा सांभाळतोय, तिच्याखाली अनेक शनिवार झोपलोय. त्यामुळे गप्प बसवेना.

"गळती म्हणजे गिअर गेले." हे साफ चूक आहे. ऑइल बाहेर येतं ते बहुतेक वेळा सीलमधून. सील म्हणजे रबराची कडी. तिच्या आतल्या पातळ ओठाला मागून बारीक स्प्रिंग आवळून धरते आणि तो ओठ फिरणाऱ्या शाफ्टला टेकून राहतो. वीस-बावीस वर्षं उष्णता आणि थंडी खाऊन रबर कडक झालं की ओठ शाफ्टला नीट धरत नाही, एवढीच ती गोष्ट. आतल्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे ताकद चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या-छोट्या गिअरांच्या जोडीचा, यात काही दोष नसतो. उलट गळतीकडे दुर्लक्ष करून ऑइल संपू दिलं, तर मात्र क्राऊन-पिनियन खरंच जातं. गिअर शाबूत आहेत का, हे बघायला दोन खुणा पुरतात. वेग घेताना किंवा पाय काढताना मागून "वींऽऽ" असा आवाज येतो का? आणि ऑइल काढल्यावर ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या भोकाच्या बुचाच्या) लोहचुंबकावर काय चिकटलंय? करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर निश्चिंत राहा, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कपचे निघाले तर प्रश्न वेगळा.

मेसेजमधली सगळ्यात मोठी गफलत लिहिलेलीच नाही, ती गृहीत धरलेली आहे: मागे ऑइल दिसलं म्हणजे डिफरन्शियलच गळतंय. गाडी पुढे धावते आणि वारा सगळं मागे नेतो. इंजिनच्या मागच्या सीलमधलं किंवा गिअरबॉक्समधलं ऑइल पोटाखालून सरकत सरकत डिफरन्शियलच्या खोक्यावर येऊन बसतं. म्हणून आधी वास घ्या. डिफरन्शियलच्या ऑइलला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तो येत नाही. मात्र गिअरबॉक्सचं ऑइलही असाच वास मारू शकतं, तेव्हा एकट्या नाकावर विसंबू नका.

त्या मुलाच्या गाडीवर आम्ही जे केलं ते सांगतो, कारण खरं काम इथेच आहे. गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) सपाट चढवली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. ब्रेक क्लीनर आणि ब्रशने डिफरन्शियल वरपासून खालपर्यंत घासलं. इतक्या वर्षांचा चिखल आणि ऑइलचा काळा थर निघाल्यावर खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचं कव्हर दिसलं, ते त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. कोरडं झाल्यावर अंघोळीनंतर लावतो तीच टाल्कम पावडर फडक्यावर घेऊन सगळीकडे फुंकरली. मग गाडी उतरवून हायवेवर पंचवीस मैल फिरवून आणली. परत चढवून टॉर्च मारला, तर पांढऱ्या पावडरीतून एकच ओली रेघ उतरली होती, पॅसेंजरच्या बाजूच्या शाफ्टखालून. पुढे पिनियनपाशी कोरडं, कव्हरच्या जोडावर कोरडं, दोन्ही प्लग कोरडे. १,४०० डॉलरचं दुखणं एका सीलपाशी येऊन थांबलं. तो तपास आधी कुणीच केला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता "सील बदललं तरी पुन्हा गळतं". असं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याला कारणं असतात आणि ती शोधता येतात. पहिलं कारण ब्रीदर. डिफरन्शियलच्या वरच्या अंगाला हवा जायला छोटी टोपीवजा वाट असते. चालताना ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि ती तिथून निघून जायला हवी. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर दाब सीलवर येतो आणि कालच बसवलेलं नवं सीलही ऑइल सोडतं. त्या मुलाचा ब्रीदर दगडासारखा घट्ट होता. क्लीनर मारून बोटाने फिरवत फिरवत मोकळा केला, खर्च शून्य. दुसरं कारण शाफ्टवर पडलेली खाच. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर गोल चरा पाडलेला असतो. नखाला लागला तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर टेकवायचा. चरा खोल असेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवता येते. एसकेएफ कंपनीची स्पीडी-स्लीव्ह ती हीच, जाडी जेमतेम ०.२८ मिलिमीटर. तिसरं कारण जास्त भरलेलं ऑइल. गाडी एका बाजूने उचलून भरलं की पातळी चुकते. सपाट गाडीत फिलर (ऑइल भरायच्या) भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की बास.

सील बदलण्याचं काम धीराचं आहे, अवघड नाही. १.८ लिटर इंजिनच्या मियाटात चाकाकडे जाणारा शाफ्ट चार बोल्टांनी फ्लँजला (डिफरन्शियलमधून बाहेर आलेल्या गोल चकतीला) जोडलेला असतो. चाकाकडच्या जोडाचा वरचा बोल्ट सोडला की शाफ्ट बाजूला घ्यायला जागा मिळते. खालच्या लांब बोल्टच्या नादी लागू नका, मिठाने गंजून तो हमखास अडकतो. मोकळा झालेला शाफ्ट तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवू नका. फ्लँजच्या समोरासमोर दोन पहारी लावून सारखा दाब दिला की आतली क्लिप सोडते आणि फ्लँज "टक्" करून बाहेर येतो. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावायचं आणि सील सरळ ठोकायचं. आम्ही त्याच मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला. सील तिरकं गेलं तर ते पुन्हा गळेल आणि त्या मेसेजला आणखी एक साक्षीदार मिळेल.

एक गोष्ट मात्र कधीच विसरू नका: ड्रेन प्लग उघडण्याआधी फिलर प्लग सुटतो का ते बघा. ऑइल काढून टाकलं आणि फिलर गंजून अडकला, तर गाडी तिथेच बसली.

अख्खं डिफरन्शियल बदलण्याच्या सल्ल्याने मला सगळ्यात जास्त राग येतो. जुन्या बाजारातून आणलेल्या युनिटची सीलंही तेवढीच जुनी असतात. ती न बदलता बसवलं तर तुम्ही दुसऱ्याची गळती विकत घेतली. त्यात सगळी डिफरन्शियल सारखी नाहीत. १.६ लिटरच्या मियाटात लहान, सहा इंची गिअर होता, १९९४ ला १.८ आल्यावर तो सात इंची झाला. शाफ्ट बदलल्याशिवाय एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. रेशोही (चाकाच्या एका फेऱ्यामागे आत येणाऱ्या शाफ्टचे फेरे) वेगळे: १.६ मॅन्युअलला ४.३०, १९९४ ते ९७ च्या १.८ मॅन्युअलला ४.१०. चुकीचा रेशो बसवलात तर स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो. मियाटा १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये आली आणि २०१६ पर्यंत हिरोशिमात तिच्या दहा लाख गाड्या झाल्या. इतक्या संख्येने असलेल्या गाडीची सीलं अजून सहज मिळतात, मग युनिटच्या मागे कशाला धावायचं?

गळती थांबवणारं औषध रबर फुगवतं. कडक झालेलं सील काही आठवडे धरेल, पण फाटलेलं किंवा खाच पडलेल्या शाफ्टवरचं सील त्याने बरं होत नाही आणि फुगून मऊ झालेला ओठ पुढे लवकर झिजतो. डिफरन्शियल क्लच प्लेटच्या लिमिटेड स्लिप प्रकारचं (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) असेल तर ऑइलच्या घर्षणाचं गणितही बिघडतं. जाड ऑइलचं तसंच: फटीतून थोडं सावकाश गळेल, पण गळेल. या गिअरांचे दात एकमेकांवर घसटत फिरतात, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. १.८ ला बरोबर एक लिटर लागतं आणि अमेरिकेतली क्वार्टची बाटली ९४६ मिलिलिटरची असते. म्हणजे दोन बाटल्या घ्या. एकीत भागवायला जाऊन पातळी कमी ठेवू नका.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश एका ठिकाणी आहे: पुढचं, इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टवरचं पिनियन सील. तिथला नट क्रश स्लीव्ह नावाची चेपणारी नळी दाबून बेअरिंगवर ठरावीक ताण ठेवतो. नट मनाला येईल तसा आवळला तर बेअरिंग खरोखर जातं. खुणा करून, फिरवायला लागणारा जोर मोजून हे काम घरी करणारे आहेत, पण पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ते जाणत्या मेकॅनिकला द्यावं. तिथेही मागायचं ते फक्त सीलचं काम. दुसरी सावधगिरी मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग अ‍ॅक्सल असलेल्यांसाठी, २०१४ पर्यंतच्या फोर्डच्या बहुतेक मस्टँग त्यात आल्या. तिथे टोकाचं सील गळलं तर ऑइल थेट ब्रेकवर जातं. तसं दिसलं तर दुरुस्तीपर्यंत गाडी बाहेर काढूच नका.

त्या मुलाचा हिशेब: एका बाजूचं काम चालू असतानाच दुसऱ्या बाजूचंही सील बदललं, दोन्हींचे ३४ डॉलर. ऑइलच्या दोन बाटल्या ४२. क्लीनर आणि प्लगचे वॉशर १५. एकूण ९१ डॉलर आणि एक आख्खा शनिवार. जुनं ऑइल बाटलीत भरून पार्टच्या दुकानात दिलं, ते फुकट घेतात. पुढच्या रविवारी पुन्हा पावडर मारून शंभर मैल फिरवून आणायला मी त्याला सांगितलंय.