आमच्या घरातली गोष्ट म्हणून हे दाखवू नका

संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत एकीमागून एक मालिका, आणि प्रत्येकीची जाहिरात तीच: एका साध्या एकत्र कुटुंबाची गोष्ट, तुमच्या-आमच्या घरातली गोष्ट. डोकं फिरलंय माझं हे ऐकून. कुणाच्या घरातली? मी सोलापुरात, पूर्व भागात, अकरा माणसांच्या घरात नांदते. आमच्याकडं जे घडतं त्यातलं काहीच पडद्यावर येत नाही, आणि पडद्यावर जे घडतं ते आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडं घडलेलं नाही.

सध्या आमच्याकडं जी लागते तिच्यात तीन भाऊ, तीन सुना, आजी आणि माहेरी येऊन राहिलेली आत्या. घर कर्जात बुडालंय, असं गेल्या दिवाळीपासून सांगतायत. त्या बुडालेल्या घरातली थोरली सून सकाळी झोपेतून उठते तीच काठापदराची साडी, केसात गजरा आणि गळा भरून दागिने घालून. तिचं स्वयंपाकघर आमच्या तिन्ही खोल्यांपेक्षा मोठं. त्यात कुणी भाकरी थापताना मी अजून बघितलं नाही. एकाच पातेल्यात पळी फिरवत ती अख्खा भाग धाकट्या जावेविरुद्ध कट रचते. गॅस संपत नाही. पिठाचा डबा तळाला जात नाही. घरात पगार किती येतो, दुधाचे पैसे कोण देतं, धाकट्या दिराच्या कॉलेजची फी कुणी भरली, एका शब्दानं कळत नाही. कर्ज आहे म्हणतात, पण हप्ता थकला म्हणून दारात कधी कुणी येत नाही. आमच्याकडं हप्ता थकला की यंत्रमागाच्या मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि ती उचल फिटेपर्यंत आमच्या भावजींना रात्रपाळीला नाही म्हणता येत नाही. संघर्ष याला म्हणतात. मिक्सरच्या भांड्यात कुणीतरी मुद्दाम मीठ जास्त टाकलं, याला नाही.

आणि पाणी! आमच्या जिल्ह्यात ११७ टीएमसीचं उजनी धरण आहे, भीमेचं पाणी शंभर किलोमीटरवरून पाइपातनं शहराला येतं, आणि तरी आमच्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी. तेही वेळ सांगून नाही. रात्री दोन वाजता नळ फुसफुसला की थोरल्या जाऊबाई ओरडतात, "पाणी आलं की ओ!" आणि अख्खं घर उठतं. एकानं मोटार लावायची, एकानं गच्चीवर पाइप धरायचा, पोरांनी हंडे सरकवायचे, कारण प्रेशर कधी जाईल त्याचा नेम नाही. आमच्या घरात भांडणं होतात, नाही असं नाही, आणि ती इथंच होतात. पिण्याचं आधी भरायचं की धुण्याचं, कोण उठलं, कोण झोपेचं सोंग घेऊन पडलं. त्याच भांडणानंतर सकाळी सहाला त्याच दोघी एकमेकींच्या पोरांचे डबे भरतात. एकत्र कुटुंब ते हे. गेल्या कित्येक वर्षांत एकाही मालिकेतल्या एकाही सुनेनं पाण्याची पाळी धरलेली मी बघितलेली नाही. उन्हाळ्यात इथं पारा ४४ च्या वर जातो, त्या पडद्यावरच्या बायकांच्या कपाळाला कधी घाम येत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती आमच्या आत्याबाईंकडं बघून. सासूबाई त्या माझ्या. त्या विड्या वळतात. या भागातल्या हजारो बायका वळतात. टीव्हीसमोर बसायचं, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड नखानं आत दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा मारायचा. डोळे पडद्यावर, हात थांबत नाहीत. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळं हजार पुरे व्हायलाच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल जमा करायला गेलं की तिथला माणूस त्यातल्या मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढतो आणि त्याचे पैसे कापतो. का छाट, ते विचारायची सोय नाही. तर त्या आत्याबाई, बोटांना तंबाखूचा वास, पाठ वाकलेली, समोरच्या त्या नटलेल्या सुनेकडं बघत मला परवा म्हणाल्या, "असलं घर मिळायला नशीब लागतं बघ." माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि लगेच राग आला. ज्या बाईनं विड्यांच्या मजुरीवर तीन पोरं शिकवली, दोन लग्नं लावली, तिला स्वतःचं घर कमी वाटावं असं हे रोज रात्री तिच्या डोळ्यांत भरतायत.

पोरांचं तर आणखी वाईट. तिसरीतली पुतणी जेवताना विचारते, "काकी, आपल्या घरात व्हिलन कोण आहे?" तिला वाटतंय प्रत्येक घरात एक असतेच, आणि ती बहुतेक काकीच असते. काय उत्तर देऊ मी तिला?

असं नाही की टीव्हीवर हे कधी जमलंच नाही. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागली, देशातली पहिली अशी कौटुंबिक मालिका. त्याआधी माहिती व प्रसारण मंत्री असलेले वसंत साठे, आपल्या विदर्भातले, मेक्सिकोला जाऊन तिथल्या लोकशिक्षणाच्या मालिका बघून आले आणि त्यातून ती उभी राहिली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली. त्यात पेन्शनवर जगणारे आजोबा होते, दारूत पैसे उडवणारा बाप होता, नोकरीसाठी वणवण करणारा मुलगा होता, लग्न ठरत नाही म्हणून घुसमटलेली मुलगी होती, डॉक्टर व्हायची जिद्द धरलेली धाकटी होती. खोल्या लहान, कपडे साधे. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन लोकांशी बोलायचे आणि लोक त्यांना गठ्ठ्यांनी पत्रं लिहायचे. दीड वर्ष चालली आणि संपली. दीड वर्ष! आत्ताच्या मालिकेत दीड वर्षात एक बाळंतपण होत नाही. एकानं दुसऱ्याच्या कानफटात मारली की ती तीन बाजूंनी तीनदा दाखवायची, मग प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा, वर ढणढण संगीत, तोवर जाहिराती. गुरुवारी टीआरपी आला की कथा वळवायची. कुणाची स्मृती घालवायची, कुणाला मेलेलं परत आणायचं.

आणि गोष्टींचा दुष्काळ आहे का? सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन बघा म्हणावं. आमच्याच विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढून १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिथल्या घरांचा ताबा दिला. पुढं तिथंच रे नगर उभं राहिलं, ३०,००० घरांचं, आणि त्यातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. यात सासू आहे, सून आहे, नवऱ्याचा विरोध आहे, वर्गणी आहे, पावसात बसून केलेलं धरणं आंदोलन आहे, नव्या घरी गेल्यावर शहरातलं काम लांब पडतं ते आहे. पाच वर्षं पुरेल एवढी कथा आहे. पण सोलापूर यांना आठवतं ते फक्त घरातल्या कामवालीला किंवा चहावाल्याला हेल काढून बोलायला लावायचं असलं की. डॉक्टरीण, वकील, घरची मोठी सून सोलापुरी बोलली तर काय बिघडतं? आमचं बोलणं फक्त हसायलाच का?

"एवढं आहे तर बघू नका," असं मला घरातल्याच काहीजणांनी सुनावलं. मी मुद्दाम बसून नाहीच बघत. पण टीव्ही एकच, तोही सगळे बसतात त्याच खोलीत, आणि आत्याबाईंना हजार विड्या होईपर्यंत तिथून उठता येत नाही. त्यांनी काय करावं, भिंतीकडं बघत वळावं? दिवसभरात बसून काही बघायला मिळतं ते त्यांना तेवढ्याच वेळात. केबलचे पैसेही त्यांच्याच मजुरीतून जातात. पैसे घेता ना तिच्याकडून? मग तिच्या कामाचं, तिच्या हिशोबाचं, तिच्या छाट विड्यांचं काहीतरी दाखवा. नाहीतर जाहिरातीतून ‘तुमच्या-आमच्या घरातली’ हे शब्द काढा, उद्याच्या उद्या काढा.