‘बंदुकीला लोखंडी कपाट पुरतं’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शस्त्र परवानाधारकांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “बंदुकीसाठी वेगळी तिजोरी म्हणजे पैशाची नासाडी. घरातलं लोखंडी कपाट पुरतं. घ्यायचीच असेल तर जड घ्या, मग बोल्ट मारायची गरज नाही. फिंगरप्रिंटवाली घेतली तर दुसऱ्या कुणालाच उघडत नाही. फायरप्रूफ घेतली की गंजाचीही काळजी मिटली. बंदूक भरलेलीच ठेवा, ऐनवेळी काडतूस शोधत बसणार का? चावी देवघरात ठेवा, म्हणजे घरच्यांना सापडते. आणि गावाला जाताना बँकेचं लॉकर आहेच.”

यातलं एकही वाक्य तपासायला घेतलं तर टिकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर फक्त दरोडेखोर आहे. पण घरातल्या बंदुकीपर्यंत सगळ्यात सहज पोचणारा हात घरातलाच असतो: सुट्टीला आलेला भाचा, भांडणातून तिरीमिरीत उठलेला तरुण, रंगकामाला आलेला माणूस. तिजोरी निवडायची ती आधी या हातांचा विचार करून, चोराचा विचार त्यानंतर.

“घरातलं लोखंडी कपाट पुरतं.”

साध्या कपाटाचा पत्रा ०.८ ते ०.९ मिमी जाडीचा असतो. हँडल फिरवलं की आतल्या दांड्या वर-खाली सरकतात, आणि कुलूप अडवतं ते फक्त त्या हँडलला. दाराच्या फटीत कटावणी घालून जोर दिला की पत्रा वाकतो आणि दांड्या खोबणीतून सुटतात. कुलूप जसंच्या तसं शाबूत, आणि दार उघडं! शिवाय त्या कपाटात साड्या असतात, घराची कागदपत्रं असतात, लाईट बिलं असतात. म्हणजे त्याची चावी दिवसातून चार वेळा चार जणांच्या हातात जाते. परवाना मात्र एकाच माणसाच्या नावावर असतो आणि हत्यार त्याच्याच ताब्यात राहायला हवं. बंदुकीच्या पेटीत दुसरं काहीही ठेवायचं नाही, दागिनेसुद्धा नाहीत.

तयार तिजोरी महाग वाटत असेल तर आपल्याकडे उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे. चांगला फॅब्रिकेटर शोधणं कोल्हापुरात अवघड नाही. त्याला काय सांगायचं ते नेमकं माहीत हवं, नाहीतर तो सवयीनं कपाटच बनवून देईल.

बॉडी ३ मिमी, दार ५ मिमी. बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) २८ किंवा ३० इंची नळीची असली तर एकूण लांबी ४५ ते ४७ इंच भरते, म्हणून आतली उंची १,३५० मिमी धरा, रुंदी ३५० आणि खोली ३०० मिमी. जागा कमी असेल तर दुनळी खोलून, नळी आणि दस्ता वेगळा करून ठेवता येतो. मग ८५० मिमी लांबीची आडवी पेटीही चालते. दार चौकटीच्या आत बसणारं हवं आणि फट २ मिमीपेक्षा जास्त नको. कुलपाच्या बाजूला दारातून सरकून चौकटीत अडकणारे, २० मिमी व्यासाचे किमान तीन खटके हवेत. बिजागरीच्या बाजूला दाराला आतून एक जाड पट्टी वेल्ड करून ती चौकटीच्या मागे अडकेल अशी ठेवा; मग बाहेरची बिजागरी ग्राइंडरनं कापली तरी दार निघत नाही. कुलूप सात-आठ लिव्हरचं घ्या, ड्रॉवरला लावतात तसलं नको. त्याच्यासमोर कडक पोलादाची पट्टी बसवा, म्हणजे ड्रिल तिथं घसरतं. बोल्टची भोकं आधी पाडा आणि पावडर कोटिंग शेवटी. कोटिंग झाल्यावर पाडलेल्या भोकाच्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

दुकानातली तयार तिजोरी बघतानाही एक परीक्षा न लाजता करा. दार उघडं ठेवून खटके बाहेर काढा, कुलूप लावा आणि अंगठ्यानं एकेक खटका जोर लावून आत ढकला. एक जरी खटका मागे सरकला तर कुलूप खटक्यांना धरतच नाही, नुसतं हँडल धरतं. मग दार बंद करून कुलपापासून सगळ्यात लांबचा कोपरा दाबा. तो लवत असेल तर तिथूनच कटावणी शिरणार. विक्रेता कितीही वजन सांगो, अशी तिजोरी घेऊ नका.

“जड असली की बोल्ट नको.”

हिशोब करून बघा. ३ मिमीच्या पत्र्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो. वर दिलेल्या मापाची पेटी सुमारे दोन चौरस मीटर पत्र्याची, म्हणजे ४६ किलो. दार ५ मिमी केलं की आणखी सात-आठ किलो. खटके, कुलूप आणि आतली काडतुसांची पेटी धरून सगळं ६० ते ६५ किलो. म्हणजे तांदळाच्या २५ किलोच्या अडीच पोत्यांएवढा भार. दोन माणसं जिन्यानं खाली नेतात, टेम्पोत टाकतात आणि मग सावकाश कापतात. दुप्पट वजनाची घेतली तरी हातगाडीपुढे टिकत नाही. शिवाय आडवी पाडलेली पेटी कटावणीनं उघडणं सोपं जातं, कारण वरून अख्ख्या अंगाचा भार देता येतो. बोल्ट मारले की हे दोन्ही थांबतं.

आता बोल्ट कुठं आणि कसे मारायचे. आरसीसी स्लॅबवर १० मिमीचे चार अँकर (भोकात फुलून घट्ट धरणारे बोल्ट), पेटीच्या आतून. इथं नेहमीची चूक होते ती लांबीत. टाइल आणि तिच्याखालचा मसाला यातच ५० ते ६० मिमी जातात. आखूड बोल्ट मसाल्यातच राहतो आणि हलवला की टाइलसकट उपटून येतो. पकड काँक्रीटमध्ये किमान ६० मिमी हवी, म्हणून साधारण १२० मिमी लांबीचा बोल्ट घ्या. पण घरातला स्लॅब बऱ्याचदा १०० ते १२५ मिमीचाच असतो, तेव्हा काँक्रीटमध्ये त्या ६० मिमीहून फार खोल जाऊ नका, आणि ड्रिल सळईला लागलं तर भोक बाजूला सरकवा. पाडलेल्या भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपानं काढायचीच, नाहीतर अँकर फुलत नाही.

तळमजल्यावर शहाबादी फरशी असेल तर तिच्याखाली बहुतेक ठिकाणी मुरूमच असतो, त्यात बोल्ट धरत नाही. मग भिंत. नऊ इंची विटेच्या भिंतीत बोल्ट विटेच्या मध्यावर घ्या, सांध्यात नको. साडेचार इंची पार्टिशन, पेठांमधल्या जुन्या घरांची दगड-मातीची भिंत किंवा आजरा-चंदगडकडची जांभ्याची भिंत असेल तर फुगणारा अँकर वापरूच नका. फुगताना तो भिंतच फोडतो. तिथं १२ मिमीचा थ्रेडेड रॉड आरपार घ्या. भिंतीच्या पलीकडे १०० बाय १०० मिमीची ६ मिमी जाड प्लेट रॉडला वेल्ड करा. नट फक्त पेटीच्या आत हवेत, म्हणजे बाहेरून कुणाला पाना लावता येणार नाही.

“फिंगरप्रिंटवाली दुसऱ्या कुणालाच उघडत नाही.”

उलट, काही स्वस्त तिजोऱ्या कुणालाही उघडतात. बोटाचा ठसा नोंदवेपर्यंत त्या कोणतंही बोट स्वीकारतात, आणि नोंदवताना एखादी पायरी चुकली तरी मालकाला वाटतं काम झालं. याच कारणासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या. म्हणून अशी तिजोरी घेतलीच तर घरातल्या प्रत्येक माणसाचं न नोंदवलेलं बोट लावून बघा, दहाच्या दहा बोटं.

ज्याला उघडायला हवी त्यालाच ती न उघडण्याचाही प्रकार आहे. ऊसतोड, फौंड्री, सिमेंटचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ओल्या किंवा तेलकट बोटाचा ठसा उमटत नाही.

नंबर दाबायच्या स्वस्त तिजोऱ्यांत खटका अडवायला विजेवर चालणारी छोटी पिन असते. वरून ठोसा मारून त्याच क्षणी हँडल फिरवलं की काही तिजोऱ्यांत ही पिन उडते आणि दार उघडतं. दुकानातच ठोकून बघा. कंपनीनं दिलेला मूळ नंबर पहिल्याच दिवशी बदला. बॅटरी अल्कलाइन घाला आणि दरवर्षी मृगाच्या आधी बदला. स्वस्त सेल दमटपणात पाझरतात आणि पट्ट्या खातात. आणि या तिजोऱ्यांसोबत जी आणीबाणीची चावी येते, तिचं कुलूप बहुतेक वेळा सगळ्यात हलकं असतं. आमचं मत स्पष्ट आहे: लांब बंदुकीसाठी चांगलं लिव्हरचं कुलूप, इलेक्ट्रॉनिक नको.

“फायरप्रूफ घेतली की गंजाचीही काळजी मिटली.”

आगीपासून संरक्षण आणि चोरीपासून संरक्षण या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. चोरीविरोधी तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. नुसतं ‘फायरप्रूफ’ लिहिलेल्या पेटीत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये जिप्सम किंवा तसलंच काही भरलेलं असू शकतं; वजन भरपूर, पण कटावणीपुढे पत्रा पातळच. आणि आग रोखताना हा भराव जे काम करतो ते आतलं पाणी वाफेच्या रूपात सोडूनच. साहजिकच अशी बंद पेटी आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये दमट राहते. गंजाची काळजी इथं वाढते.

गंज रोखायचा तर आतला फोम आणि मखमल काढून टाका, त्याजागी रबर शीट लावा. बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत घालून पेटीत ठेवू नका. खोळ ओल धरते आणि नळीवर तिच्या शिवणीचा ठसा गंजानं उमटतो. अर्धा किलो सिलिका जेल जाळीच्या डब्यात ठेवा. नारंगी रंगाची घ्या, ओली झाली की हिरवी पडते, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा चालते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायची नाही. तेल बंदुकीचंच लावा आणि पुसून घ्या. खोबरेल चिकट होतं. तेल जास्त झालं आणि बंदूक नळी वर करून महिनोन्महिने उभी राहिली तर ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं. लाकूड मऊ पडतं आणि पुढे लोखंडाशी जोडतो तिथंच चिरतं.

पेटी न्हाणीच्या भिंतीला लावू नका. आणि नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी अशा पुराच्या भागात तळमजल्यावर तर नकोच. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते या घरांना सांगायला नको. तिजोरीत पाणी शिरतंच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली की हत्यार वरच्या मजल्यावर न्यायचं की जमा करायचं ते त्याच दिवशी ठरवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

“बंदूक भरलेलीच ठेवा.”

हे वाक्य सगळ्यात घातक आहे. बऱ्याच दुनळ्यांमध्ये सेफ्टी फक्त बोटानं ओढायचा चाप अडवते, काडतुसावर आपटणारा आतला हातोडा नाही. म्हणजे भरलेली बंदूक पेटीत घसरून आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. आणि रानडुकरासाठी रात्री उठणाऱ्या शेतकऱ्याला पेटी उघडून दोन काडतुसं घालायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ डोकं ठिकाणावर यायलाही लागतोच.

ठेवण्याआधी: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. दुनळी मध्यातून वाकवून उघडा, काडतुसं काढा, दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का बघा आणि काडतुसाच्या जागी बोट घालून खात्री करा. रायफल असेल तर तिचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) काढून वेगळा ठेवा. काडतुसं आतल्या वेगळ्या कुलपाच्या पेटीत, वेगळ्या चावीनं. संख्या वहीत लिहा. जुनी कागदी काडतुसं दमटपणानं फुगतात आणि नळीत अडकतात. तशी दिसली तर वापरू नका, परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

“नाहीतर बँकेचं लॉकर आहेच.”

नाही. लॉकरच्या करारातच हत्यारं ठेवायला मनाई असते. गावाला जाताना, किंवा घरात कुणी फार निराश असेल, टोकाचं बोलत असेल तर त्याच दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. निवडणुकीच्या वेळी करतो तसंच, बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घेऊन.

“चावी देवघरात ठेवा, घरच्यांना सापडते.”

घरच्यांना सापडते हीच तर अडचण. देवघर, घड्याळाच्या मागे, कपाटाच्या डोक्यावर, तांदळाचा डबा: या जागा दहा वर्षांच्या पोराला पाठ असतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं पदक आणणाऱ्या स्वप्निल कुसाळेच्या जिल्ह्यात मुलांना नेमबाजीची ओढ असणारच, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण क्लबात शिकणाऱ्या मुलाला बंदूक उघडता येते, भरता येते, म्हणून त्याच्या घरी कुलूप जास्तच पक्कं हवं. कायद्यानंही २१ वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती अशी घरात पडू द्यायची नाही.

एक चावी परवानाधारकाच्या अंगावर, जानव्याला किंवा कंबरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. दुसरी सीलबंद पाकिटात, आणि हे पाकीट मात्र बँकेच्या लॉकरमध्ये खुशाल ठेवा. पाकिटात परवान्याची झेरॉक्स, बंदुकीचा नंबर आणि एक चिठ्ठी: “माझ्या पश्चात ही पेटी पोलिसांना कळवून उघडा आणि हत्यार लगेच जमा करा.” परवानाधारक वारला की वारसांना ते हत्यार घरात ठेवून चालत नाही. सुतकात ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून पाकीट कुठं आहे एवढं घरातल्या एका जाणत्या माणसाला आजच सांगून ठेवा.