फॉस्फेट शून्यावर आणल्याने शेवाळ जात नाही

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप समूहांत आणि छोट्या व्हिडिओंमध्ये एक ‘रामबाण उपाय’ फिरत असतो. त्याचा आशय असा: टँकमधले कोणतेही चिवट शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट वाढल्यानेच येते, म्हणून पाणी बदलून दोन्ही शून्यावर आणावीत, तीन दिवस टँक काळ्या कापडाने झाकावा, रोज हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे, तरीही काही उरले तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध विरघळवावे, म्हणजे आठवड्याभरात टँक लख्ख होतो. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींवर पैसे घालवू नयेत, असेही वर बजावलेले असते. यातला कोणताही उपाय मुळातून खोटा नाही, आणि हा संदेश इतका पसरतो तो त्यामुळेच. प्रत्येक उपाय कोणत्या तरी एका जीवावर, कोणत्या तरी एका परिस्थितीत चालतो; संदेश मात्र तो सरसकट सगळ्यांना लावतो.

पहिली हरकत ‘कोणतेही शेवाळ’ या शब्दांनाच आहे. खडकावर वाढलेला हिरवा केसाळ थर बहुधा डर्बेशिया किंवा ब्रायोप्सिस या शेवाळाचा असतो. चिमट्याने एक झुबका काढून बशीतल्या पाण्यात पसरवला आणि भिंगातून पाहिला, तर ब्रायोप्सिसच्या तंतूंना दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे फुटलेले दिसतात. डर्बेशियाचे तंतू साधे आणि विस्कटलेले असतात. वाळूवर पसरणारी, सायीसारखी अखंड सोलून निघणारी लालसर-जांभळी चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हेच, ते जीवाणू आहेत. आणि जे तपकिरी, शेंबडासारखे लोंबते, दुपारपर्यंत टोकाटोकाला बुडबुडे धरते आणि दिवे गेल्यावर बरेचसे ओसरते, ते डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) हे एकपेशीय जीव असण्याची शक्यता मोठी. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. थोडा तपकिरी चिकटा पाण्यासकट बाटलीत घेऊन जोरात हलवावा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. त्यात पुन्हा तंतू आणि गोळे जमले तर ते डायनो. ज्याच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक आहे त्याला डायनो कोणता, हा पुढचाही निवाडा करता येतो: ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचा असून एका टोकाभोवती गरगरतो, तर अँफिडिनियम लंबगोल असतो आणि सरळ सरकत जातो. हा फरक हौसेचा नाही. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात सुटा होतो, त्यामुळे टँकचे पाणी ज्याच्याजवळून फिरवतात त्या यूव्ही दिव्याच्या तडाख्यात सापडतो. अँफिडिनियम वाळूतच राहतो आणि त्याच दिव्याला दाद देत नाही.

आता मुख्य दावा. पोषकद्रव्ये वाढली की शेवाळाला फावते, हे खरे आहे, आणि नायट्रेट ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) व फॉस्फेट ०.५ पीपीएम असलेल्या टँकमध्ये ती खाली आणायलाच हवीत. पण संदेशातला तर्क उलटाही लावला जातो: शेवाळ आहे, म्हणजे पाण्यात फॉस्फेट जास्त असणारच. प्रत्यक्षात खडक हिरव्या केसांनी झाकलेला असताना टेस्ट किट ०.०० दाखवते असे पुष्कळदा होते, कारण खाद्यातून आणि खडकातून सुटणारे फॉस्फेट शेवाळ तिथल्या तिथे उचलते. किट फक्त पाण्यात उरलेले मोजते. खात्यातली आजची शिल्लक पाहून महिन्याची उलाढाल कळत नाही, तसेच हे आहे. शिवाय आपला खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून राहते. फेरिक ऑक्साइडच्या दाण्यांनी पाण्यातले फॉस्फेट ओढले की खडक स्वतःजवळचे सोडू लागतो. कुणाच्या मोडलेल्या टँकमधला खडक स्वस्तात आणला असेल, तर कित्येक आठवडे दाणे बदलूनही आकडा पुन्हा पुन्हा वर येतो, आणि शेवाळाची पकड नेमकी त्याच खडकावर असते.

पाणी बदलण्याचा हिशेबही संदेशात फार उदार असतो. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले आणि मध्यंतरी टँकमध्ये काहीही भर पडली नाही असे धरले, तरी ५० पीपीएम नायट्रेट पाच आठवड्यांनी १६ च्या आसपास येते. मासे मात्र रोज खातात.

याहून गंभीर गोष्ट शून्य गाठल्यावर घडते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सहजीवी शैवालांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात. साउथँप्टन विद्यापीठातील यॉर्ग वीडनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी स्थिती आली तर प्रवाळ उष्णता व प्रकाशाच्या ताणाखाली अधिक सहज विरंजित होतात, म्हणजे पांढरे पडतात. नायट्रेट तसेच राहू देऊन दाण्यांनी केवळ फॉस्फेट संपवणारा माणूस आपल्या टँकमध्ये हीच स्थिती आणतो. डायनोंचा अनुभवही याच दिशेचा आहे. रीफ पाळणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे, की दोन्ही आकडे शून्याला टेकलेल्या, खडकावरचे इतर सूक्ष्मजीव उपाशी पडलेल्या टँकमध्येच ते माजतात. आणि तिथे उपाय उलटा करावा लागतो, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट मुद्दाम घालून आकडे मोजता येतील इतके वर आणायचे. अँफिडिनियमच्या बाबतीत काही जण सिलिकेटही घालतात, जेणेकरून डायटम हे सूक्ष्म शैवाल वाढून त्याची जागा अडवतील. हिरवे केस घालवायला शून्य गाठणाऱ्याच्या वाट्याला डायनो येतात, ते असे. ऑस्ट्रिओप्सिस तर विषारी असल्यामुळे त्याने गोगलगायीही मरतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात स्थिर ठेवलेला टँक मला शून्यापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो. काही जण इथे रेडफिल्ड गुणोत्तराचा दाखला देतात; ते १०६:१६:१ हे प्रमाण प्लवकांच्या शरीरातील कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे आहे, टँकच्या पाण्यासाठी लिहून दिलेली चिठ्ठी नव्हे.

शेवाळखाऊ प्राणी म्हणजे पैशाचा अपव्यय, या दाव्याचे उत्तर खऱ्या रीफवरच मिळते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कॅरिबियन समुद्रात १९८३ मध्ये पनामाजवळून एक रोग पसरला आणि साधारण वर्षभरात डायाडेमा अँटिलारम या काळ्या, लांब काट्यांच्या सी अर्चिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक मेले. जमैकामध्ये अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच संपत आले होते, १९८० च्या अॅलन चक्रीवादळाने प्रवाळही मोडलेले होते; उरलेले चरणारे अर्चिन गेले आणि रीफ हिरवी झाली. प्रवाळ-अभ्यासक टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथले प्रवाळाचे आच्छादन ५० टक्क्यांहून अधिक होते ते ५ टक्क्यांच्या खाली आले, तर मोठ्या शैवालांचे ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. यात पोषकद्रव्यांचा वाटा किती, यावर नंतर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला, हे इथे सांगायलाच हवे. पण त्याच सुमारास ग्रेट बॅरियर रीफवरील वन ट्री बेटाजवळ, १९९३ ते १९९६ या काळात, प्रवाळांच्या छोट्या कुंडांत नायट्रोजन आणि फॉस्फरस मुद्दाम सोडण्याचा ‘एनकोर’ हा प्रयोग झाला, आणि तिथे अपेक्षित असलेला शेवाळाचा पूर आलाच नाही. प्रवाळांच्या प्रजननावर परिणाम झाले, मात्र खडक हिरवे झाले नाहीत. हवाईतील कानिओहे उपसागरात तर बाहेरून आलेल्या शेवाळाच्या जाड गाद्या आधी ‘सुपर सकर’ नावाच्या तराफ्यावरच्या पंपाने उपसल्या गेल्या आणि मग त्याच खडकांवर उबवणी केंद्रात वाढवलेले ट्रिप्न्यूस्टिस ग्रॅटिला जातीचे अर्चिन सोडले गेले.

टँकमध्येही क्रम हाच ठेवावा लागतो: आधी हाताने उपसणे, मग चरणारे सोडणे. दोन इंच वाढलेल्या जून केसांना टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी तोंड लावत नाहीत. तेच शेवाळ ओरबाडून खुरटे केले की त्यांचे काम सुरू होते. टँग आणि फॉक्सफेस मासे मोठ्या टँकसाठी ठीक, पण शंभर लिटरच्या टँकमध्ये शेवाळासाठी टँग आणणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चुकी. सी हेअर हा प्राणी केस भराभर संपवतो आणि मग उपाशी मरतो, म्हणून तो दुकानदाराला किंवा मित्राला परत देण्याची बोली आधीच करावी. एक सूचना ब्रायोप्सिससाठी विशेष महत्त्वाची आहे. त्याचा तंतू म्हणजे अनेक केंद्रके असलेली एकच लांब पेशी. ती फुटून बाहेर सांडलेल्या द्रवाचे गोळे होऊन त्यांतून नवी रोपे वाढू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. म्हणून असा खडक टँकमध्ये घासू नये. तो टँकच्याच पाण्याच्या बादलीत काढून घासावा आणि ते पाणी फेकून द्यावे.

तीन दिवसांच्या अंधाराबद्दल फार बोलण्यासारखे नाही. प्रकाश तोडून शेवाळ मरते, याचे उदाहरण कानिओहेतच सापडते: २००६ च्या वसंतात सुमारे सहा आठवडे पाऊस आणि ढग राहिले, आणि तिथले डिक्टिओस्फेरिया हे शेवाळ मोठ्या प्रमाणावर ओसरले. सहा आठवडे आणि तीन दिवस यांतला फरक उघड आहे. तीन दिवसांचा अंधार यूव्हीच्या जोडीने ऑस्ट्रिओप्सिसवर उपयोगी पडतो, सायनोची चादर तात्पुरती मोडतो. हिरवे केस फक्त फिके पडतात आणि बुंध्यापासून पुन्हा फुटतात. मेलेल्या थराचे फॉस्फेट पुन्हा पाण्यातच सुटते. झाकलेल्या टँकमध्ये प्रकाशसंश्लेषण थांबून श्वसन मात्र चालू राहते, प्राणवायू व पीएच दोन्ही घसरतात, तेव्हा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) किंवा एअर पंप चालूच ठेवला पाहिजे. संदेशात याचा उल्लेखही नसतो.

पेरॉक्साइड ‘पाणी आणि ऑक्सिजन होऊन जाते, म्हणून निरुपद्रवी’ हे अर्धसत्य आहे. तसे होण्याआधी ते समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करते, आणि क्लीनर व पेपरमिंट कोळंब्यांना ते सोसत नाही. मोठा धोका मात्र मात्रेत आहे. फिरणारा डोस, म्हणजे १० अमेरिकी गॅलनला, अर्थात सुमारे ३८ लिटरला, १ मिली, हा ३ टक्के द्रावणासाठी आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली असते. लेबल न वाचता तोच डोस घातला तर तो दुप्पट होतो. बाहेर काढलेल्या खडकावर ब्रशने लावून, काही मिनिटांनी धुऊन तो परत ठेवणे हा पेरॉक्साइडचा समजदार वापर.

फ्लुकोनाझोलची गंमत अशीच. ब्रायोप्सिसवर ते खरोखर चालते, डर्बेशियावरही पुष्कळदा चालते. बुरशीत ते स्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवते. सायनोबॅक्टेरियांवर त्याचा उपयोग होत नाही आणि डायनोंवरही नाही. रूढ मात्रा गॅलनला २० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम आहे, आणि पुढे पाठवता पाठवता ‘गॅलन’चे ‘लिटर’ झाले की ती जवळजवळ चौपट होते. उपचाराच्या साधारण दोन आठवड्यांत फिल्टरमधला कार्बन काढून ठेवावा लागतो, नाहीतर औषध त्यातच अडकते. नंतर कार्बन पुन्हा लावून, औषध शोषले गेल्यावरच पाणी बदलावे. हे भारतात चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, माणसांच्या बुरशीजन्य आजारांचे औषध आहे, हेही ध्यानात असावे.

‘आठवड्याभरात’ या शब्दाला तर काहीच आधार नाही. मोकळ्या झालेल्या खडकावर गुलाबी-जांभळे कोरलाइन शैवाल चढून जागा अडवायला महिने लागतात, आणि तोवर ती जागा पहिल्या येणाऱ्याची असते. त्या काळात रोज टँकमध्ये जाणारे, बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या भरपाईचे पाणी सर्वांत आधी तपासावे, आणि नेमका हाच मुद्दा संदेशात कुठेच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बोअरवेलचे पाणी पिण्यास निर्धोक ठरूनही टँकसाठी खतपाणी ठरू शकते. घरातल्या आरओ यंत्राला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो, आणि तो शुद्ध झालेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. त्यामुळे भरपाईचे पाणी त्या कंट्रोलरच्या आधी घेतलेल्या फाट्यावरून, पुढे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनमधून काढावे आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेव्हाच वापरावे.