घटना बदलाच, पण थांबा म्हणणारं कुणीतरी हवं

गेल्या लोकसभा निवडणुकीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक भांडण मुक्कामालाच आलंय. एक पार्टी म्हणते संविधान बदलायचा डाव आहे, हात तर लावून बघा. दुसरी म्हणते अरे १०६ दुरुस्त्या झाल्यात आत्तापर्यंत, तेव्हा कुठे होतात. मी इकडे आयर्लंडमध्ये बसून दोन्हीकडचे फॉरवर्ड वाचते आणि खरं सांगायचं तर दोघंही मुद्द्याला बगल देतायत असं वाटतं. दुरुस्त्या होणारच, व्हायलाच पाहिजेत, ७३वी झाली म्हणून गावोगावी बाया सरपंच झाल्या, ६१वी झाली म्हणून एकविसाच्या जागी अठराव्या वर्षी मत मिळालं. बघायचं ते हे की सत्तेत बसलेल्यांच्या मनात आलं तर दुरुस्ती किती दिवसांत उरकते, आणि मधे कुणाला थांबा म्हणता येतं.

इथे १९३७ ची घटना आहे, आपली मार्गदर्शक तत्त्वं जिथून घेतली तीच. तिच्यातला एक शब्द हलवायचा तरी दोन्ही सभागृहांत विधेयक पास करून भागत नाही, सार्वमत घ्यावं लागतं. मग खांबाखांबावर पोस्टर लागतात (मतदानानंतर सात दिवसांत काढायची, नाहीतर दंड), आणि निवडणूक आयोगाची एक पुस्तिका दारात येऊन पडते, आयरिश आणि इंग्लिश दोन्हीत, आत्ता घटनेत काय लिहिलंय, काय बदलणार, हो म्हटलं तर काय होईल, नाही म्हटलं तर काय. कुठल्याच पक्षाची बाजू नाही. मतपत्रिकेवर तर मुद्दा लिहिलेलाही नसतो, अमुक विधेयकातली दुरुस्ती मान्य आहे का एवढंच विचारतात, म्हणजे घरून वाचून गेलात तरच उपयोग. आणि १९९५ मध्ये घटस्फोटाच्या सार्वमताच्या आठवडाभर आधी इथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की जनतेच्या पैशाने एकाच बाजूचा प्रचार करायचा नाही. आपल्याकडच्या पानभर सरकारी जाहिराती आठवल्या आणि मला हसूच आलं. (मला स्वतःला सार्वमतात मत नाही हां, त्याला नागरिकत्व लागतं, आणि भारतात मत द्यायचं तर तिकीट काढून प्रत्यक्ष यावं लागतं, तेव्हा सध्या मी दोन्हीकडे नुसती प्रेक्षक.)

सगळ्यात भारी किस्सा १९५९ चा. इथले तेव्हाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या पक्षाला निवडणुकीची पद्धत बदलायची होती, इथे पसंतीक्रमाने मत देतात त्यामुळे छोट्या पक्षांनाही जागा मिळतात, त्याऐवजी आपल्यासारखी ज्याला जास्त मतं तो जिंकला अशी आणायची होती, आणि त्यात फायदा कुणाचा ते सांगायला नकोच. १७ जूनला एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आणि हे सार्वमत. लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांची दुरुस्ती पाडली! माणूस हवा पण त्याच्या हातात एवढी सत्ता नको, हे एकाच फेरीत सांगून टाकलं. १९६८ मध्ये पक्षाने परत प्रयत्न केला, परत पडला.

आता हेच आपल्याकडे बघा. ऑगस्ट १९७५ मध्ये ३९वी दुरुस्ती, पंतप्रधानांची निवड कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी, ७ तारखेला लोकसभा, ८ ला राज्यसभा, १० ला सही, कारण ११ ला सुप्रीम कोर्टात सुनावणी होती. हे आणीबाणीतलं म्हणून सोडून देऊ. पण २०१९ मध्ये आर्थिक निकषावरच्या आरक्षणाची १०३वी दुरुस्ती ८ जानेवारीला मांडली, त्याच दिवशी लोकसभेत पास, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. आरक्षण बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, पण इतक्या मोठ्या गोष्टीवर देशाला वाचायला तरी किती वेळ मिळाला? आणि पक्षांतरबंदीमुळे खासदाराला व्हीप मोडता येत नाही, म्हणजे दोन तृतीयांश हा आकडा दिसतो मोठा पण पक्षप्रमुखांनी ठरवलं की झालं. मग थांबवायला उरतं फक्त कोर्ट, तेही संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही या, केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ अशा एका मताच्या फरकाने टिकलेल्या तत्त्वावर.

फार लोकांना माहीत नसतं, पण सार्वमत आपल्याकडेही येता येता राहिलं. आणीबाणीनंतर जनता सरकारने आणीबाणीत सरकारची सत्ता वाढवणाऱ्या ४२व्या दुरुस्तीची घाण काढायला जे विधेयक आणलं त्यात असं कलम होतं की घटनेच्या मूळ गाभ्याला धक्का लावायचा तर जनतेचा कौल घ्यायचा. लोकसभेत पास झालं, राज्यसभेने ते कलम उडवलं. बाकीची ४४वी झाली आणि तीसुद्धा छोटी नव्हे, आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क गोठवता येत नाही, 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी लावताही येत नाही. सरकारने स्वतःचेच हात बांधून घेतले, याला मी लोकशाही बळकट करणं म्हणते.

तरी भारतात सार्वमत आणा असं मी म्हणणार नाही. इथेच १९८३ मध्ये लोकांनी भरघोस मतांनी आठवी दुरुस्ती केली, गर्भाचा जगण्याचा हक्क आईइतकाच. त्या कायद्याच्या सावलीत २०१२ मध्ये सविता हालप्पनवार गेली, आपल्या बेळगावकडची, दातांची डॉक्टर, गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि सेप्सिसने ती दगावली. बहुमत चुकतं, आणि ज्यांची संख्या कमी त्यांच्या हक्कावर मतदान घेणं आपल्याकडे तर आगीशी खेळ आहे. पण ती चूक सुधारताना इथे जे केलं ते मला घ्यावंसं वाटतं. २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक यादृच्छिक निवडले, अध्यक्षपदी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश, पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूचे लोक यांना ऐकलं, सगळं कॅमेऱ्यासमोर. मग संसदेची समिती, मग विधेयक, मग मे २०१८ मध्ये ६६.४ टक्क्यांनी आठवी रद्द. वेळ लागला पण चूक लोकांनीच सुधारली. २०२४ मध्ये मात्र घटनेतलं 'बाईचं घरातलं आयुष्य' हे कलम बदलायला सरकार आणि मोठे विरोधी पक्ष सगळे एकत्र, तरी जवळजवळ ७४ टक्के नाही म्हणाले, एक कारण म्हणजे नवीन शब्द गोलमाल वाटले. म्हणजे सगळे मोठे पक्ष एक झाले तरी लोकांना नाही म्हणता येतं!

आपल्याकडे असे ९९ जण बसवायचे तर पहिला विषय माझ्याकडे तयार आहे, दहावी अनुसूची, म्हणजे हाच पक्षांतरबंदीचा कायदा. आमदार अपात्र की नाही हे ठरवणार विधानसभा अध्यक्ष, जे बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांचेच, आणि कायद्यात मुदत कसलीच नाही. महाराष्ट्रात जून २०२२ ला शिवसेना फुटली, निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, तोही सुप्रीम कोर्टाने तारीख घालून दिल्यावर. २०२० मध्ये मणिपूरच्या केसमध्ये याच कोर्टाने संसदेला सुचवलं होतं की घटनादुरुस्ती करून हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यायचा विचार करा. एकत्र निवडणुकांचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडून झालं, संयुक्त समितीही बसली. हे मात्र अजून सरकारला मांडावंसं वाटलेलं नाही, आणि संविधान बचावच्या सभांमध्येही कुणी मागताना मी ऐकलं नाही.